सेलवरचा गुलाबी ठिपका

संशयाला औषध नाही म्हणतात, आणि माझा तर माहेरून सोबत आलेला आहे. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, पेट्रोलचा आकडा, कशावरच माझा भरवसा नाही. म्हणून आर्णीत घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम सुरू केलं, तेव्हा मी तयार कॉम्प्युटर घेतला नाही. सुटे भाग आणले, आणि बसस्टँडजवळच्या मेकॅनिकभाईला घरी बोलावून माझ्या डोळ्यांसमोर जोडायला लावले. तरीही तो चहा पीत बसला तेव्हा मी रॅमवर, पंख्यावर आणि मदरबोर्डच्या त्या नाण्याएवढ्या सेलवर नेलपॉलिशचा एकेक गुलाबी ठिपका देऊन ठेवला. उद्या कोणी भाग बदललाच तर कळायला नको?

माणूस तसा सरळ दिसायचा. आला की आधी सासूबाईंपाशी जायचा. "आई, शुगर किती निघाली?" त्या आकडा सांगणार, तो काहीतरी समजुतीचं बोलणार, मग मशीनकडे वळणार. मला त्यातही वास यायचा. गोड बोलून घरात पाय पसरणारे मी कमी पाहिलेले नाहीत.

उन्हाळ्यात कॉम्प्युटरचा डबा तापायला लागला. मी बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन लावला, आणि भाई येऊन आतली धूळ साफ करून गेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. सेटिंग उडाली आहे, पुढे जायचं तर एफ वन दाबा. दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण तारीख कितीतरी वर्षं मागची, एक जानेवारी. तारीख चुकली की सरकारी साइट उघडत नाही, आणि इकडे ओट्यावर कागदपत्रं घेऊन माणसं बसलेली. तारीख नीट केली, काम झालं. रात्री मी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करते, कारण वायरिंगवरही माझा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, एफ वन आणि एक जानेवारी.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातला पोरगा म्हणाला, वीज बंद असताना तारीख सेलच सांभाळतो, आधी सेल तपासा. मी नखाने सेल उचकटून काढला. उलटा केला, सुलटा केला. ठिपका नव्हता.

हातच्या काकणाला आरसा कशाला? तशीच चप्पल घालून भाईच्या दुकानावर गेले. दोन गिऱ्हाईकं उभी होती, मी त्यांची पर्वा केली नाही. माझा नवा सेल काढून जुना टाकला, माझ्या सेलवर खूण होती, असं सगळ्यांदेखत सुनावलं. त्याने माझ्या हातातला सेल घेऊन पाहिला.

"खूण कधी केली होती, ताई?"

"पहिल्याच दिवशी."

त्याचं तोंड उतरलं. मला वाटलं, पकडला गेला म्हणून. त्याने पाकीट फाडून एक नवा सेल माझ्या हातावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "हा लावा. अन् यापुढे दुसरा मेकॅनिक पाहा." मी ताठ मानेने घरी आले. कॉम्प्युटर सुरळीत चालू लागला, म्हणजे माझंच खरं ठरलं.

मग एके दुपारी सासूबाईंनी त्यांचं शुगर तपासायचं मशीन माझ्यापुढे धरलं. हे तारीख भलतीच दाखवते, डॉक्टरले तारखेवार पाहिजे, एवढी नीट करून दे, म्हणाल्या. पाहिलं तर जुनं साल, एक जानेवारी. एवढ्या दिवसांत मी एवढं तर शिकले होते की सेल निघाला की तारीख अशी उडते. मशीन उलटं केलं, मागचं झाकण सरकवलं. आत सेल, आणि सेलवर गुलाबी ठिपका.

बाप्पा! आई, हा कुठून काढला, म्हणून मी ओरडलेच. त्या जराही दचकल्या नाहीत.

"तुले तीनदा म्हटलं माह्या मशीनचा सेल संपला, आण. तू आणतो आणतो करत राह्यली. भाई सांगे, दोन्हीचा सेल एकच हाये. मंग काढला, अन् माह्यावाला तिथं बसवला. तुह्या खोक्याले तं भिंतीतून करंट भेटते. मले कुठून भेटन?"

आधी त्यांचाच राग आला. मग मी खाली बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथे चोरही नव्हता. एक म्हातारी सेल मागत होती आणि मी फॉर्म भरत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी दुकानावर गेले. याही वेळी गिऱ्हाईकं होती. बरंच झालं, शिव्या चारचौघांत दिल्या होत्या, तर माफीही चारचौघांत. घडलं ते सगळं सांगितलं. भाई एका कॅबिनेटचा स्क्रू पिळत राहिला, मान वर केली नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा म्हणाला, "अन् आईची शुगर किती निघाली?"

 मशीनवर तारखेच्या वरच मोठ्या अक्षरात तो आकडा होता. मी तारीख तेवढी पाहिली होती, आणि मशीन उलटं केलं होतं.