अक्काच्या हातची धार

अक्काच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लव नव्हती. उजव्या हातावर होती, डाव्यावर नाही. भेटायला आलेल्या बायकांच्या ते लक्षात यायचं आणि एखादी धीट बाई विचारायचीही. अक्का चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगायची, "आमच्याकडे नवऱ्याची दाढी आधी माझ्या हातावर होते, मग त्यांच्या गालावर." बाई हसायची. तिला ती थट्टा वाटायची.

थट्टा नव्हती. रोज सकाळी अक्का दाजींचा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायची, मग डावा हात खिडकीच्या उजेडात धरायची आणि पातं कातडीला न टेकवता लवेवरून अलगद न्यायची. केस आवाज न करता गळून पडले, तर वस्तरा दाजींच्या गालावर जायचा. एखादा नुसता वाकला, तरी पुन्हा दगडावर.

अक्का माझी थोरली बहीण. हैदराबादेत गौलीगुड्याला जुन्या दुमजली घरात वर ती आणि दाजी राहायचे, खाली मी. माझं लग्न झालं नाही. कॉलेजातलं इतिहास शिकवणं संपल्यावर मी आणि माझी पुस्तकं तिथे येऊन पडलो. अक्का मराठी शाळेत गणित शिकवायची. त्या शाळेत आता मराठीचे वर्ग भरत नाहीत, पण तिचे विद्यार्थी कोठीच्या बाजारात अजून भेटतात आणि "बाई कशा आहेत?" विचारतात. मी अजून काहींना सांगितलेलं नाही.

दाजी वीज खात्यातून निवृत्त झालेले. माणूस साधा, पण दाढीच्या बाबतीत नवाब. त्यांच्या वडिलांचा वस्तरा होता, हस्तिदंती रंगाच्या मुठीचा. रोज त्यानेच दाढी; धार तेवढी ओळखीचा एक म्हातारा न्हावी लावून द्यायचा, तो आता नाही. शेवटी डाव्या हाताची बोटं गालावरून फिरवायची आणि आरशातल्या स्वतःला म्हणायचं, "हौ!" आम्ही हैदराबादची माणसं घरात मराठी बोलतो, पण 'हो'च्या जागी 'हौ' कधी आलं ते आम्हालाही आठवत नाही.

एका सकाळी चहा पिताना दाजींच्या हातातून कप पडला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मागे उरला तो एवढा एकच शब्द, हौ. भूक लागली का, हौ. पोट भरलं का, हौ. अक्का म्हणायची, "लग्न झाल्यापासून या माणसाने माझं एक म्हणणं एका दमात मान्य केलं नव्हतं. आता सगळ्याला हौ. भांडायला माणूसच उरला नाही रे वसंता."

शब्द गेले तरी सवय गेली नाही. चहा झाला की दाजींचा डावा हात गालाकडे जायचा. खुंट लागले की तो तिथेच थांबायचा आणि डोळ्यांतून पाणी यायला लागायचं. रडणं नव्हतं ते, चेहरा तसाच असायचा. आपला गाल आपला नाही असं काहीतरी त्यांना कळत असावं. भाचीने, मेघनाने, लगेच विजेवर चालणारा ट्रिमर आणला. "मामा, एकदम सेफ आहे, बाबांना काहीच कळणार नाही." त्याची घरघर ऐकून दाजींनी मान अशी वळवली की लचक भरते की काय असं झालं. घरी येणारा न्हावी अर्धं ब्लेड बसवलेलं हत्यार घेऊन आला. त्यालाही तेच. तो गेल्यावर अक्काने कपाटातून वस्तरा काढला आणि पदर खोचला.

वस्तरा ओढत होता. दाजींनी तोंड फिरवलं नाही, पण डोळे घट्ट मिटून घेतले. अक्का म्हणाली, "धार गेली आहे. लावायला शिकावं लागेल." जणू सातवीच्या वर्गाला नवा धडा घ्यायचा होता.

पहिला धडा देवघरातल्या सहाणेवर झाला. तिचं म्हणणं, चंदन इतकं गुळगुळीत उगाळलं जातं, तर लोखंड का नाही? वस्तऱ्याच्या कडेला दाते पडले. दुसऱ्या दिवशी देवांना लावायला घेतलेलं गंध काळं निघालं. अक्का देवांपुढे उभी राहून म्हणाली, "आज असंच चालवून घ्या. घरात शिक्षण चालू आहे." देवांना नवी सहाण आली. जुनीवर मग ती आलं ठेचायची.

आम्ही दोघं बेगम बाजारात गेलो. न्हाव्यांची सिल्ली, म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा तो मऊ, बारीक कणांचा दगड, चौथ्या का पाचव्या दुकानात मिळाला. दुकानदार त्यावरची धूळ फुंकत म्हणाला, "अम्मा, ये अब कोई नै लेते. सैलूनां में ब्लेड तोड के लगा लेते."

"हमारे घर में लेते," अक्का म्हणाली. "पानी लगा के दिखाव, कैसा है."

मी पुस्तकं धुंडाळली, फोनवर चित्रफिती पाहिल्या, आणि तिच्यासमोर बसून मोठ्याने सांगत गेलो. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तू वाच. मी करते." वस्तऱ्याचं गणित तिला फार लवकर उमगलं. पात्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली हवीत. धार पुढे ठेवून सरकवायचं, टोकाला पोचलं की पाठीवरून उलटायचं, धारेवरून कधीच नाही. "पाठ उचलली की कोन बदलला. कोन बदलला की सगळं उत्तर चुकलं," ती स्वतःशी म्हणायची. वर्गात म्हणायची तेच, हातावर केस वाकला की इथेही म्हणायची, "चूक नाही. पण बरोबरही नाही. पुन्हा."

असे कितीतरी दिवस गेले. तिच्या अंगठ्यावर चिरा पडल्या, कणीक मळताना त्यांत मीठ जाऊन ती "अय्यो" करायची. मग एका सकाळी मी पेपर घेऊन वर गेलो तर दाजी खुर्चीत बसलेले, गाल ओले, चकचकीत. डावा हात गालावरून खाली आला, पुन्हा वर गेला.

"हौ!" दाजी म्हणाले.

हे इतर 'हौ'सारखं नव्हतं. अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. पातं पुसताना ती नुसती म्हणाली, "यांना पैकीच्या पैकी द्यायची सवय नव्हती कधी."

त्यानंतरचा काळ चांगला होता. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, चांगल्या काळाबद्दल नसतंच. सकाळी वरून दगडावरचा तो बारीक, ओला आवाज यायचा, आणि तो थांबला की मी चहाला वर जायचो.

मग अक्काच्या पोटात दुखायला लागलं. ती गॅस म्हणाली, मग पित्त म्हणाली. तपासणी झाली तेव्हा डॉक्टर मेघनाशी बोलले आणि माझ्याशी बोलले नाहीत, त्यावरून मला समजलं. केमो सुरू झालं. डोक्यावरचे केस गेले त्याचं तिला काही वाटलं नाही, स्कार्फ बांधून ती म्हणाली, "आता तेल वाचलं." पण एका सकाळी तिने वस्तरा पट्ट्यावर फिरवला, सवयीने डावा हात खिडकीत धरला, आणि तशीच उभी राहिली. हातावर लवच नव्हती. उजव्यावरही नव्हती. धार लागली की नाही, हे कशावर पाहणार?

बराच वेळ ती त्या हाताकडे पाहत होती. आजार कळल्यापासून मी तिला इतकी खचलेली पाहिली नव्हती. मग तिने मला हाक मारली.

"वसंता, बाही वर कर."

त्या दिवसापासून परीक्षा माझ्या हातावर व्हायला लागली. काही दिवसांनी तिने वस्तराही माझ्या हातात दिला.  तिची बोटं बधिर व्हायला लागली होती, चहाचा कप धरताना ती दोन्ही हात वापरायची. तिच्यानंतर दाजींच्या गालाशी कोणाचा तरी हात हवा होता आणि घरात दुसरा हात माझाच होता.

मला ते आलं नाही. मी रोज बसायचो, ती पलंगावरून पाहायची. "दाबतोस तू. वस्तरा दगडावर ठेव, त्याच्यावर बसू नकोस." मी हलका हात करायचो, तर पाठ उचलली जायची. पाठ सांभाळायचो, तर उलटताना धार घासायची. ती न पाहताही नुसत्या आवाजावरून सांगायची, "गेला कोन." मी माझ्या हातावर पातं फिरवायचो आणि लव जशीच्या तशी. ती म्हणायची, "पुन्हा." पण आता त्या शब्दात शिकवणाऱ्याचा धीर नव्हता. घाई होती. अक्काला घाई करताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि माझे हात त्याने आणखी बिघडायचे. शेवटी तीच वस्तरा मागून घ्यायची, उशीला टेकून दोन-चार हात मारायची, दमून डोळे मिटायची. मग लव गळायची.

दवाखान्यात न्यायचं ठरलं त्या दिवशी मेघना खाली गाडी बघायला गेली होती. अक्काने दगड आणि पाण्याची वाटी मागितली. मांडीवर पाट ठेवून तिने धार लावायला घेतली. मध्ये थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा. बोटांना कळत नव्हतं म्हणून ती कान पात्याजवळ नेऊन करत होती. शेवटी माझा हात ओढून घेतला. पातं गेलं आणि मनगटाजवळची लव अशी पडली की मला काहीच जाणवलं नाही. तिने वस्तरा पुसला, तेलाचं बोट लावलं, फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला.

"हा आता वापरू नकोस."

"मग उद्या दाजींची?"

"उद्याचं राहू दे. दहाव्याला लागेल. यांना घाटावरच्या ब्लेडाखाली बसवू नकोस वसंता. मान वळवतील आणि लोक बघत बसतील."

मी म्हणालो, "अक्का, काय बोलतेस हे?"

"हिशेबाचं बोलते," ती म्हणाली. खालून मेघनाने हाक मारली.

ती परत आली ती शववाहिकेतून. दाजींना खुर्चीसकट तिच्या उशाशी आणलं. मेघना त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, आई गेली. कळतंय ना बाबा?" दाजी म्हणाले, "हौ." चहा हवा का विचारल्यावर म्हणायचे तसंच.

सुतकात दाढी नाही. रोज सकाळी दाजींचा हात गालाकडे जायचा, थांबायचा, आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहायचे. डोळे वाहायचे. येणारे लोक म्हणायचे, बायकोसाठी रडतात बिचारे. असेलही. मला माहीत नाही.

दहाव्याला मेघना गुरुजींबरोबर घाटावर गेली. दाजींचं क्षौर घरीच करायला गुरुजींनी मान्यता दिली होती. मी फडकं सोडलं. फेस केला, त्यांची हनुवटी धरली आणि पातं गालावर ठेवलं. मी काहीच केलं नाही, खरं सांगतो, वस्तरा आपला आपण उतरत गेला. कुठे ओढ नाही, आवाज नाही. दहा दिवसांची दाढी फेसाबरोबर निघून आली आणि खालून तो जुना गाल वर आला. मी ओल्या पंच्याने पुसलं.

दाजींचा हात वर गेला. गालावरून खाली आला, पुन्हा वर गेला. मग त्यांनी मान वळवली, माझ्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि मोठ्याने म्हणाले, "हौ!"

आणि वाट पाहत राहिले. तिने काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, या वेळी हळू, "हौ?" मी पंचा पिळायच्या निमित्ताने मोरीत गेलो.

ती धार मी पुरवून पुरवून वापरली. रोजऐवजी एकाआड एक दिवस, मग आठवड्याला एकदा. मध्ये फक्त चामड्याचा पट्टा. दगडाला हात लावत नव्हतो, कारण माझ्या हाताने पातं दगडावर गेलं की तिचं जे काही उरलं होतं ते संपणार होतं. पण धार कोणासाठी राहत नाही. एका सकाळी पातं ओढायला लागलं आणि दाजींनी डोळे घट्ट मिटून घेतले. मी दगड काढला. पाण्याची वाटी घेतली. पाठ टेकवली, धार टेकवली. आवाज आला, तो तिच्या वेळचा नव्हता.

तेव्हापासून रोज बसतो. 'पुन्हा' म्हणायला कोणी नाही, म्हणून मीच म्हणतो. मेघना फोनवर म्हणते, "मामा, सोडा ना आता, दाढी वाढू दे बाबांची." वाढलीच आहे. पांढरी, मऊ, लोक म्हणतात छान दिसते. तरी मधूनच मी प्रयत्न करून पाहतो.

"दाजी, लागतं का?"

"हौ."

"थांबू का मग?"

"हौ."

"करू का थोडी अजून?"

"हौ."

अलीकडे चहा झाल्यावर त्यांचा हात गालाकडे जात नाही. मांडीवर असतो. त्या हाताकडे पाहत मी दगडावर पाणी घालतो, पातं फिरवतो, आणि मग डावा हात खिडकीच्या उजेडात धरतो. मनगटाजवळची तिने पाडलेली ती जागा आता शोधून सापडत नाही. लव पूर्ण वाढली आहे, मनगटापासून कोपरापर्यंत.