भाड्याच्या जॅकेटमधली पुडी

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे हे वाचून झाल्यावर तुम्ही मला नावं ठेवाल, तेव्हा निदान अंधश्रद्धाळू तरी म्हणणार नाही. बाकी जे म्हणाल ते मान्य आहे. या फोरमवर आजवर मी फक्त इतरांच्या अतर्क्य अनुभवांखाली ‘घरातला कार्बन मोनॉक्साइड अलार्म तपासून घ्या, त्या वायूनेही भास होतात’ अशा कमेंट्स टाकत आलोय. त्यातल्या ज्यांना राग आला असेल, त्यांनी आज मन भरून बदला घ्यावा.

मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळ स्लाऊला राहतो. ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. माझ्या चुका शोधायचं काम मृणालकडे, माझ्या बायकोकडे असतं आणि तिला ओव्हरटाइम करावा लागतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, हाफ-टर्मच्या म्हणजे शाळांच्या आठवडाभराच्या सुट्टीत, आम्ही आणि इथलीच दोन मित्र-कुटुंबं, असं दुबईला जायचं ठरलं होतं. ऑक्टोबरपासून ग्रुपवर उंच इमारतींचे आणि समुद्राचे फोटो फिरत होते. स्लाऊला साडेचारला अंधार पडायचा आणि आम्ही सनस्क्रीनवर चर्चा करायचो. अशात जानेवारीच्या शेवटी चिंचवडहून काकूचा फोन आला. काकांची बायपास ठरली होती... नेमकी त्याच आठवड्यात.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मी दहा वर्षांचा असताना वडील गेले आणि काकांनी मला चिंचवडला आणलं. त्यांना स्वतःचं मूल नाही. दहावीपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या पेपरपर्यंत हा माणूस कारखान्यातून अर्धी रजा काढून परीक्षा केंद्राबाहेर झाडाखाली पेपर अंथरून बसायचा. का, तर मी बाहेर आलो की कोणीतरी दिसलं पाहिजे. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. लाज वाटायच्या बाबतीत माझं टायमिंग कायमच चुकत आलंय.

तर काकांनी एवढंच म्हटलं होतं, की ऑपरेशनला आत नेताना तू दिसलास तर बरं वाटेल. मी ‘बघतो, रजेचा प्रयत्न करतो’ म्हणालो. रजा मंजूर होती. दुबईसाठी. मृणाल दोन आठवडे मला सांगत होती, एक तर जा, नाहीतर सरळ नाही म्हण. मी यातलं काहीच केलं नाही. ‘बघतो’ म्हणत म्हणत दुबईला जाऊन पोचलो.

तिथे पहिले दोन दिवस समुद्रावर काढले आणि नाकाची सालं निघेपर्यंत भाजून घेतलं. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, सगळे एका मॉलमध्ये गेलो. या मॉलच्या पोटात खरा बर्फ आहे. बाहेर वाळवंट, आत उणे तापमान, घसरायला टेकडी, डोक्यावरून तारेला टांगून सरकणाऱ्या खुर्च्या. स्लाऊच्या थंडीला कंटाळून उन्हात गेलेली माणसं तिकीट काढून पुन्हा थंडीत शिरली, यावर आमच्यापैकी कोणालाही हसू आलं नाही. काउंटरवर भाड्याचं जॅकेट मिळालं. उजव्या खिशात मी फक्त फोन ठेवला होता. हे लक्षात ठेवा, मी टेस्टर आहे, खिसा आधी तपासला होता. रिकामा होता.

साधारण बारा वाजता फोन वाजला. काकूच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल, माझ्या इंग्लंडच्या सिमवर. विचार न करता उचलला. स्क्रीनवर काका, हॉस्पिटलचा हिरवा झगा घातलेले, हाताला सलाईनची पट्टी.

“निघालास का रे?”

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. त्यांना वाटत होतं, मी विमानतळावर असेन. आणि मी गुडघाभर बर्फात उभा. खरं सांगतो, मी आधी काही ठरवलं नव्हतं. पण समोर तयार सेट मिळाला की माझ्यातला खोडकर माणूस जागा होतो... आणि तो माझ्यापेक्षा हुशार आहे.

“काका, अहो बघा ना इथे काय झालंय,” असं म्हणून मी कॅमेरा फिरवला. “कालपासून पडतोय. विमानं सगळी बंद.”

काकांनी फोन जवळ घेतला. नेमक्या त्याच वेळी माझ्या डोक्यावरून एक खुर्ची गेली.

“ते वर पाय कोणाचे लटकतायत?”

“कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची माणसं आहेत. दिव्यांचं काम चाललंय.”

“एवढ्या बर्फात? कमाल आहे बुवा,” काका म्हणाले. “मग राहू दे. तू धडपडत येऊ नकोस. कान झाकून घे.”

फोन बंद झाला. मृणाल पूर्ण वेळ पाठ करून उभी होती. ती वळली आणि शांतपणे म्हणाली, “आज माझा तुझ्याबरोबर एकही फोटो काढू नकोस.”

मी फोन परत उजव्या खिशात ठेवायला गेलो आणि हाताला काहीतरी लागलं. बाहेर काढलं. कागदाची छोटी पुडी होती.

काका लहानपणी सुट्टीत एका किराणा दुकानात पुड्या बांधायचे. त्यांची एक पद्धत आहे. शेवटचं टोक दोनदा मोडून आत खुपसायचं, म्हणजे पुडी उलटी केली तरी सुटत नाही. मी शंभरदा प्रयत्न केलाय, मला जमत नाही. ही पुडी तशी बांधलेली होती. कागद म्हणजे रोजची तारीख फाडायच्या कॅलेंडरचं पान. मराठी. त्या दिवशीची तारीख, गुरुवार, खाली तिथी. आत आवळासुपारी. मी एक तुकडा तोंडात टाकला. असा पुरावा कोणी चाखत नाही हे कळतं, पण टाकला. काकूच्या हातून सैंधव नेहमी जास्त पडतं. यातही ते तसंच लागलं.

आमचे मित्र म्हणाले, अरे, दुबईत निम्मं पुणं फिरायला येतं, आधी जॅकेट घातलेल्या कोणाची तरी असेल. शक्य आहे. सकाळी कॅलेंडरचं पान फाडून, पुडी बांधून, दुपारी बाराला बर्फात खेळून घरी गेलेला माणूस असू शकतो. मी पुडी पुन्हा मिटून पाकिटात ठेवली.

दुबईहून पुणं तीन तासांवर आहे. पासपोर्ट भारतीय, म्हणजे व्हिसाचंही निमित्त नाही. इतके दिवस मी काकांपासून जेवढा लांब असल्याचं भासवत होतो, त्याच्या निम्माही लांब नव्हतो. मृणालनेच फोनवर तिकीट काढून दिलं. ती म्हणाली, “जा. आणि खरं सांग.”

शुक्रवारी सकाळी सातच्या आधी हॉस्पिटलला पोचलो. काकांना स्ट्रेचरवर घेतलं होतं, लिफ्टची वाट बघत होते. काकू मला बघून भिंतीला टेकली. काकांनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी सबंध विमानात पाठ केलेलं वाक्य विसरलो.

“थांबला का बर्फ?”

“हो, काका. तुमचा फोन झाला आणि लगेच थांबला.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझं नाक लाल, सालं लोंबतायत. मग काकूला म्हणाले, “अगं, थंडीनं नाक फुटलंय बघ याचं. खोबरेल लाव त्याला.” आणि लिफ्टचं दार बंद झालं.

ते चार तास कसे गेले ते लिहीत नाही. काकू पिशवी उपसत होती. तिला विचारलं, काय शोधतेस? ती म्हणाली, काल सकाळी घरातून निघताना त्यांनी कॅलेंडरचं पान फाडून आवळासुपारीची पुडी बांधली. ‘मंदारला विमानात मळमळतं, आला की देऊ,’ म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवली. इथे कपडे बदलले तेव्हाही होती. दुपारी तुझ्याशी बोलून झालं, मी सदरा घडी घालायला घेतला, तर खिसा रिकामा. कुठे पडली कोण जाणे.

पुडी तेव्हा माझ्या पाकिटात होती. मी काकूला ती दाखवली नाही. दाखवली असती तर कुठे सापडली ते सांगावं लागलं असतं. मी तिच्याबरोबर खुर्चीखाली वाकून शोधायला लागलो.

काका बरे झाले. वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला, शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांना, भेटायला आलेल्या सोसायटीतल्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं, “हा माझा पुतण्या. एवढ्या बर्फातून आला.” मी प्रत्येक वेळी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

या प्रकाराचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मृणाल म्हणते, काकांना विचार, कदाचित त्यांना काही माहीत असेल. कदाचित त्यांना सगळंच माहीत असेल. पण पुडीचं विचारायचं तर आधी बर्फाचं सांगावं लागेल. काका हा फोरम वाचत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय... बघा, इथेही मी सोपी जागाच शोधली.

गेल्या रविवारी त्यांनी फोनवर विचारलं, यंदा तिकडे बर्फ कसा आहे? आत्ता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग मी त्यांना पाच मिनिटं स्लाऊचं हवामान सांगितलं, आणि ते मन लावून ऐकत राहिले.