रंगनाथभाऊंनी तक्रार केली होती

रंगनाथभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये होतो. पाचव्या दिवशी जाफराबादला, ते निवृत्तीनंतर सांभाळत होते त्या वाचनालयात, शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठली आणि म्हणाली, "भाऊंनी आयुष्यात कधी कुरकुर केली नाही." तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. अहो, कुरकुर हाच त्या माणसाचा धंदा होता! गेलेल्या माणसाला इतकं गुळगुळीत करून टाकायचं? महिना होत आला, तरी राग उतरत नाही. त्यातला बराचसा माझ्यावरचाच आहे, हे लिहायला बसल्यावर कळतंय...

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ऐंशीच्या दशकात, एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. ते तिथे फिटर होते. मी कॉलेजातून सुट्टीला आलेलो, वडिलांबरोबर कापसाच्या गाडीवर बसून होतो. ऐन हंगाम, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, मालक चार व्यापाऱ्यांना घेऊन उभे, आणि हा माणूस सगळ्यांदेखत ओरडला, "शेठ, बेअरिंग आवाज करून राह्यलं. आत्ता बंद करा, दोन घंट्यात होऊन जाईल. न्हाई तं चार दिवस बसा."

मालकांचं तोंड उतरलं. "बाजूला येऊन सांगता येत नाही का?"

"बाजूला सांगितलं की बाजूलाच राह्यतं शेठ. मागच्या साली सांगितलं न्हवतं का?"

मशीन थांबलं. गाडीवाल्यांनी भाऊंना शिव्या घातल्या, त्यात आम्हीही होतो. दोन तासांत मशीन पुन्हा सुरू झालं, पण संध्याकाळी आमचा कापूस उतरला तेव्हा कोणी त्यांना चहाही विचारला नाही.

दोन हजार साल उलटल्यावर मी एका मुक्त सॉफ्टवेअरच्या नादाला लागलो. गावोगावच्या वाचनालयांसाठी मराठीत पुस्तकांची यादी ठेवणारा प्रोग्राम. फुकट द्यायचा, आतलं सगळं उघडं, कोणीही बघावं, कोणीही सुधारावं. निरनिराळ्या शहरांतली माणसं, एकमेकांना न भेटलेली, ईमेलच्या एका गटावर काम करायची. टाइप केलेली यादी साठवून ठेवायचा भाग माझा होता. पुण्या-बंगळुरूच्या पोरांच्या शेजारी माझ्यासारख्या क्लासवाल्याचं नाव! मी हवेतच होतो. भाऊंच्या वाचनालयात तो प्रोग्राम मीच बसवला. ते दोन बोटांनी पुस्तकांची नावं टाइप करायचे आणि काही अडलं की गटावर लिहायचे. त्यांच्या तक्रारींनी पोरं वैतागायची, पण दुरुस्त्याही करायची.

एके दिवशी भाऊ जीपला लटकत जालन्याला आले. यादी साठवताना लाईट गेली की अख्खी यादी कोरी होत होती. शहरातल्या पोरांकडे इन्व्हर्टर, त्यांना हे कधी दिसलंच नसतं. आमच्याकडे तर लाईट दिवसातून चारदा जायची.

"सुभाष, आजच्या आज गटावर लिही. लोकं टाइप करून राह्यले असतील."

"भाऊ, आधी दुरुस्त करतो, मग सांगतो. नवी आवृत्ती तोंडावर आलीय, उगाच शोभा होईल."

"शोभा कोणाची?"

मी पुन्हा कीबोर्डकडे वळलो. ते म्हणाले, "तुझा भाग हाय, म्हणून तूच सांगावं. मी थांबतो. पन जल्दी कर." मला दुरुस्ती सापडेना. ते दर आठवड्याला विचारायचे, मी "होतंय, होतंय" करायचो. नवी आवृत्ती माझ्या नावासकट बाहेर पडली. आणि मग घनसावंगीकडच्या एका शाळेतल्या बाईंनी गटावर लिहिलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीभर बसून टाइप केलेली शाळेच्या सगळ्या पुस्तकांची यादी एका क्षणात गेली. आता पुन्हा करायची ताकद नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं.

भाऊंनी त्याच दिवशी लिहिलं: "हा दोष मला आधीपासून माहीत होता. मी सांगितला नाही. बाई, माझी चूक झाली." माझं नाव कुठेही नव्हतं. पोरांनी त्यांना फाडून खाल्लं. आठवड्याभरात मला दुरुस्ती सापडली, मी ती पाठवली आणि गटानं माझे आभार मानले. मी ते घेतले. अगदी निर्लज्जपणे घेतले.

नंतर त्यांच्यावरच चिडलो. "मला वाचवायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुला न्हाई वाचवलं. म्हाईत असून मी गप बसलो, तेवढं माझं मी लिहिलं. तुझं तू लिही."

मी लिहिलं नाही. भेटलो की ते विचारायचे, "लिहिलं का?" मी विषय बदलायचो. एक-दोन वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं. बोलणं, हसणं, चहा सगळं पहिल्यासारखंच. फक्त तेवढा प्रश्न बंद. सगळ्या जगाला तोंडावर सांगणाऱ्या माणसानं माझा नाद सोडला, हे आजही सहन होत नाही.

शोकसभा संपल्यावर मी मागे रेंगाळलो. त्यांच्या टेबलावर एक जाडजूड वही सुतळीनं बांधून ठेवलेली होती, कोणीही उघडावी अशी. तीन रकाने आखलेले: काय बिघडलं, कोणाला दिसलं, कधी सांगितलं. गळकं छप्पर, मोडकी खुर्ची, पानं फाटलेली पुस्तकं... शेवटच्या काही नोंदींमध्ये अक्षर थरथरतंय, पण तिन्ही रकाने भरलेले.

मी खाली ओळ सुरू केली. यादी साठवण्यातला दोष. दिसला भाऊंना, मग मला. तिसऱ्या रकान्यापाशी हात थांबला आणि वही तशीच ठेवून मी निघून आलो. काल रात्री गटावर सगळं लिहिलं, माझ्या नावानं. त्या बाई अजून गटावर आहेत की नाही, ठाऊक नाही, म्हणून इथेही लिहितोय. बाई, तुमची यादी भाऊंमुळे नाही, माझ्यामुळे गेली. उद्या सकाळच्या गाडीनं जाफराबादला जाऊन तो रकाना भरेन, पण "लिहिलं का?" असं विचारणारं आता तिथे कोणी नाही.