कुजबुजणारे प्रॉम्प्टर

पांढुर्ण्याच्या आमच्या गणपतीतल्या नाटकाचे प्रॉम्प्टर भाजी घेतानाही कुजबुजतच बोलत. तालमीत मात्र ते छळायचे. रोज भूमिकांची अदलाबदल करायला लावायचे. कुरकुर केली की कानाशी येऊन म्हणायचे, "दुसऱ्याचं पाठ केल्यानं जीभ झिजून राहिली का बे तुझी?"

राज्यांची पुनर्रचना होऊन राजधानी बदलली, आम्ही नागपूरचे भोपाळचे झालो आणि ऐन प्रयोगाच्या तोंडावर आमच्या राजाची, म्हणजे तहसिलीतल्या कारकुनाची, तिकडे बदली झाली. "राजा कोण करते?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळेच उठलो. त्यांनी नाटकातल्या शिपायाला राजा केलं, पण त्याच्या जागी शिपाई व्हायला कोणी उठेना. शेवटी त्यांनीच भाला घेतला.

रंगमंचावर ते आपलं एकुलतं एक वाक्य विसरले. आम्ही सगळ्यांनी ते एकदम ओरडून सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा गावानं त्यांचा खणखणीत आवाज ऐकला, "हळू सांगा ना बे!"