नवा कार्बोरेटर, उरलेलं गंगाजल

आमचं घर गंगेकाठी, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं, आणि सांड आला तर दोघांनाही. अशा जागी राहून वडिलांनी मोटार घेतली. कॉलेजात संस्कृत शिकवणारा, धोतर नेसणारा माणूस रेल्वेच्या एका निवृत्त साहेबाकडून जुनी इंग्रजी गाडी घेतो, याची घाटावरच्या मराठी मंडळींत वर्षभर थट्टा चालली होती. गाडी मैदागिनला एका ओळखीच्यांच्या आवारात, पत्र्याच्या शेडमध्ये असायची. आधी आम्ही गाडीपर्यंत चालत जायचो आणि मग ऐटीत गाडीतून हिंडायचो.

ती गाडी चालायची ती मिस्त्रींमुळे. साठी ओलांडलेले, किडकिडीत, कमी बोलणारे. वडील शहाण्यासुरत्या माणसालाही चटकन ‘तुम’ म्हणून मोकळे होत, पण मिस्त्रींना कायम ‘आप’. जुना कार्बोरेटर झिजून झिजून वाटेल तिथून हवा ओढायचा, तरी मिस्त्रींनी तो वर्षानुवर्षं निभावून नेला होता. शेवटी तेच म्हणाले, ‘‘पंडीजी, अब इसको छुट्टी दीजिए.’’ वडिलांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कलकत्त्याच्या बाजारातून दुसरा कार्बोरेटर शोधून पाठवला.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. रस्ता रुंद होणार म्हणून मिस्त्रींचं दुकान पाडलं जाणार होतं. त्याच सुमारास कॉलेजने बस घेतली, आणि तिची देखभाल करायला कायमचा माणूस हवा होता. वडिलांनी प्राचार्यांकडे मिस्त्रींचं नाव टाकलं. प्राचार्य म्हणाले, काम तर बघू द्या. झालं, वडिलांनी बेत केला. मैदागिनला संस्कृत स्पर्धेचा बक्षीस समारंभ होता, त्यासाठी प्राचार्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लंका मोहल्ल्यातून याच गाडीतून आणायचं, नवा कार्बोरेटर बसवून. शिफारशीचं पत्र त्यांनी लिहून खिशात ठेवलं होतं. समारंभ झाला की द्यायचं.

आदल्या दिवशी मी रजा काढून शेडमध्ये गेलो. मी बँकेत नुकता लागलो होतो, बी. एस्सी. होतो, आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. नव्या कार्बोरेटरची भोकं इंजिनावरच्या बोल्टांशी जुळेनात. मिस्त्रींनी गोल कानस घेतली आणि ती भोकं केसाकेसाने लांबवली. मधलं पॅकिंग त्यांनी जाड कागदाचं केलं. कागद कार्बोरेटरच्या तोंडावर धरून हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत गेले, आणि कडा आपोआप कापली गेली. मग अ‍ॅक्सिलरेटरची तार, चोकची तार, पेट्रोलची नळी. डब्यातलं पेट्रोल फडक्यातून गाळून त्यांनी टाकीत ओतलं. एक स्क्रू पाव पाव फेरा फिरवत, मान कलती करून ते इंजिन ऐकत राहिले. एका क्षणी धडधड थांबून ते नुसतं गुणगुणायला लागलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं.

ते हात धुवायला नळावर गेले. घरून निघताना आईने माझ्या हाती गंगाजलाचा छोटा गडू दिला होता. आमच्याकडे नवीन काहीही आलं, शिवणाचं मशीन असो की रेडिओ, त्यावर गंगाजल शिंपडल्याशिवाय ते वापरायचं नाही. ‘‘दोन थेंब टाक आणि उरलेलं इकडे-तिकडे फेकू नकोस, पायाखाली यायला नको,’’ आईने बजावलं होतं. आईच्या असल्या गोष्टींची मी चारचौघांत खिल्ली उडवायचो. पण त्या दिवशी ते इंजिन ऐकून मला खरंच हात जोडावेसे वाटले. मी शिंपडलं. गडू अजून अर्धा भरलेला होता. शेडमध्ये ना तुळस, ना झाड. जमिनीवर ओतायचं नाही. गडू सांभाळत घाटापर्यंत परत न्यायचा तर सायकलवर हिंदकळणार. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडंच होतं.

मी आत ओतलं. आळस म्हणा, भक्ती म्हणा, दोन्ही होतं. पाणी जड असतं, तळाशी बसतं, हे मी परीक्षेत लिहून आलेला माणूस.

संध्याकाळी आईने विचारलं, ‘‘उरलेलं कुठे ओतलंस?’’

‘‘घाटावर,’’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी लंकेपर्यंत झकास गेली. प्राचार्य पुढे बसले, मी मागे. वडील गाडी हाकता हाकता मिस्त्रींचं कौतुक करत होते. गोदौलिया ओलांडून बांसफाटकच्या चढाला लागलो आणि गाडीने दोन आचके दिले, तिसऱ्याला बंद पडली. मागे रिक्षांच्या घंट्या, पुढे एक हातगाडी. वडील पुनःपुन्हा किल्ली फिरवत होते आणि त्यांची मान लाल होत चालली होती. मला तेव्हाच कळलं. प्राचार्य खाली उतरले, ‘‘कोई बात नहीं, पंडित जी,’’ म्हणाले आणि रिक्षा करून गेले.

निरोप धाडल्यावर मिस्त्री आले ते पाना आणि एक पितळी वाटी घेऊन. पेट्रोल आधी जिथे साठतं तो कार्बोरेटरचा कप त्यांनी सोडवला आणि वाटीत उपडा केला. पेट्रोलखाली पाण्याचे गोल थेंब इकडून तिकडे पळत होते. त्यांनी बोट बुडवून पाहिलं.

‘‘टंकी में पानी है, पंडीजी.’’

‘‘कहाँ से आया? पेट्रोल तो कल आप ही ने डाला.’’

‘‘कपड़े से छान के डाला था.’’

‘‘डिब्बा धोया होगा आपने. सूखा नहीं होगा.’’

मिस्त्रींनी वाटी खाली ठेवली. आपला डबा आठवत असावेत. मी त्यांच्यापासून दोन हातांवर, हातात हवेचा फिल्टर धरून उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण वडील तापले होते, भोवती रस्त्यावरची दहा माणसं जमली होती, आणि बी. एस्सी. झालेल्या बँकेतल्या बाबूने टाकीत गंगाजल ओतलं हे त्यांच्यासमोर बोलायची मला लाज वाटली. नुसती लाज. त्याहून मोठं कारण काही नव्हतं, किती शोधलं तरी आजवर सापडलेलं नाही.

‘‘हो सकता है,’’ मिस्त्री शेवटी म्हणाले. ‘‘याद नहीं पड़ता. उमर हो गई, पंडीजी.’’

वडिलांनी पत्र दिलं नाही. ‘‘हात गेला रे त्यांचा,’’ घरी जेवताना ते म्हणाले, ‘‘शंभर पोरं बसतील त्या बसमध्ये, कसं सांगू मी?’’ त्यांना खरंच वाईट वाटत होतं, दोन घास कमी खाऊन उठले. मी वरण-भात जेवलो. बस दुसऱ्या कोणाकडे गेली. मिस्त्रींचं दुकान पडलं, आणि पुढे आमची गाडीही वडिलांनी दुसरीकडे न्यायला सुरुवात केली.

नंतर मिस्त्री पिशाचमोचनच्या बाजूला एका भिंतीला टेकून स्कूटर दुरुस्त करायला बसत. मी लांबून पाहून सायकल वळवायचो. एकदा वळवता आली नाही. त्यांनी हाक मारून बसवलं, चहा मागवला. कोणाच्या तरी स्कूटरमध्ये पेट्रोल घालायचं होतं. त्यांनी डबा फडक्याने पुसला, उन्हात उपडा धरला, पुन्हा पुसला, आत बोट फिरवलं. तरी खात्री होईना. शेजारच्या पानवाल्याला म्हणाले, ‘‘तनी देखो तो भाई, सूखा है न?’’ पानवाला न पाहताच ‘हाँ, हाँ’ म्हणाला, त्याला रोजचंच होतं. मी चहा तसाच खाली ठेवला. तरीही मी काही बोललो नाही, उठून आलो.

बोललो ते आणखी सहा वर्षांनी. वडील आदल्या वर्षी गेले होते. वर्षश्राद्ध झालं आणि तिसऱ्या दिवशी मी मिस्त्रींच्या घरी गेलो. ते खाटेवर पडून होते, नजर जवळजवळ गेली होती. मी सगळं सांगितलं, गडूपासून त्या चढापर्यंत, काही न गाळता. ते शिव्या देतील अशी मला आशा होती. आशाच म्हणतो, कारण त्या मिळाल्या असत्या तर मी हलका होऊन घरी गेलो असतो.

मग चाचपडत त्यांनी माझा हात धरला.

‘‘पंडीजी को बता देते, भइया,’’ ते म्हणाले. ‘‘जाते-जाते हमको अच्छा मिस्त्री मान के जाते.’’