मी उभा केलेला बैल

साल २०१३, मी अठ्ठावन वर्षांचा. गोंडपिपरीच्या स्टँडवर एसटीत बसलो तेव्हा पिशवीत दोन धोतरं, छिन्नी अन् हातोडा. घरोघरी मिक्सर आले, पाट्या-वरवंट्याले टाकी लावणारा मी रिकामा झालो, म्हणून ठाण्याले दिलेल्या माझ्या पोरीनं बोलावलं. भावांनो, तुमी सोडायले आले होते. खिडकीतून ओरडलो, "आता शहर पाहीन पाथरवट काय असते ते!" तुमी हसले. बा असता तं म्हणाला असता, "समजलं नाई तं विचारत जा रे, हेकोड्या." मी कधी विचारलं नाई.

ठाण्यात थडग्यांचे दगड कोरायच्या दुकानात लागलो. मालकाले म्हटलं, मले सारं येते. मराठीच अडखळत वाचतो, हे लपवलं.

मग रिबेकाबाई आल्या. बेने इस्रायली, म्हणजे इथलेच ज्यू, बोलणं मात्र मराठी. नवरा अब्राहम गेला, त्याच्या थडग्यावर नाव हिब्रूत पाहिजे होतं. कागदावर बोट ठेवून सांगत गेल्या, "हे आलेफ. फार पूर्वी बैलाचं डोकं होतं हो हे. हे बेत, घर. शेवटचं मेम, पाणी. आमचे हे मुलांना असंच शिकवायचे."

बैल, घर, पाणी! मले वाटलं, आपलंच गाव लिहिलं हाये.

पण बैल आडवा होता. शिंगं बाजूले, मान टाकलेली. आपल्याकडं बैल असा पडला तं त्या घरी चूल पेटत नाई. गेलेल्या माणसाच्या उशाशी मरता बैल कसा कोरू? मी त्याले उभा केला, शिंगं वर.

मालकानं कपाळाले हात लावला. "मामा, अक्षर आहे ते, गोठा नाही! उद्या बाई येतील. तुम्हीच सांगा."

काळा दगड, खोल घाव, पुसू कसा? बाईच्या माणसाचं नाव मी मोडलं होतं. काम गेलं तं गोंडपिपरीले परत, अन् तिथं तुमी. भावांनो, खरं सांगतो, एसटीत बसलो त्या दिवसापासून गाव आठवलं की पहिले तुमचं हसणं ऐकू येते अन् मंग घर दिसते. अजूनही. संध्याकाळी पिशवी भरून ठेवली. पण बाचं "विचारत जा" आठवलं, अन् एसटी धरली नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावाच्या कागदावर खाली बाईंचा पत्ता इंग्रजीत होता, तो पोरीकडून वाचून घेतला अन् बाई दुकानात यायच्या आधीच त्यांचं दार वाजवलं. म्हटलं, "बाई, मले तुमचं अक्षर वाचता येत नाई. दगड मीच बिघडवला."