कैचीखालचं कपाट

पोलिसातली नोकरी संपून काही वर्षं झाली, पण कापलेल्या कैचीचं ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

परळी तालुक्यातल्या एका गावात कापडाचं दुकान होतं. वर लाकडी कैच्यांवर, म्हणजे तिकोनी सांगाड्यांवर, पत्र्याचं छप्पर. मुलाचं लग्न झालं म्हणून दुकानदाराने एका सुतार मिस्त्रीकडून छपराखालच्या माळ्याची खोली करून घ्यायला सुरुवात केली. एका दुपारी एक कैची फाकली, पत्रे खाली आले आणि माळ्यावर असलेल्या दुकानदाराचा पाय मोडला. मिस्त्रीने कैचीचं आडवं लाकूड कापून ठेवलं होतं, अशी तक्रार त्याने दवाखान्यातून दिली.

तेवढ्यात ठाण्यात फोन आला की, मिस्त्री गाड्यावर सामान लादून पळतोय. आम्ही त्याला वाटेतच गाठलं. साठी उलटलेला माणूस, गाड्यावर नुसत्या टेकूच्या लाकडी बल्ल्या. निघाला होता तो दुकानाकडेच.

"मला नंतर धरा साहेब. आदी बाकीच्या कैच्यांना टेकू देऊ द्या, न्हाईतर त्याबी येतील खाली."

मी देऊ दिले. ते देताना माळ्याच्या खालच्या बाजूला नजर गेली. प्रत्येक जुन्या तुळईला त्याने नवी तुळई जोडून बोल्टने आवळली होती. छप्पर पडलं, पण माळा जागचा हलला नव्हता. खालची गिऱ्हाईकं त्यामुळेच वाचली. असा माणूस कैची कापून निघून जाईल?

चौकशीत तो एवढंच म्हणाला की, वर दुसरं लाकूड बसवल्याशिवाय खालचं काढत नसतात, आणि तेच आणायला तो अपघाताआधीचे दोन दिवस परळीला गेला होता. मग कापलं कुणी? तो गप्प. "म्हाताऱ्या, जेलातबी रंधाच मारायचाय का?" हवालदाराने टोमणा मारला. तरी गप्प.

पंच घेऊन मी पुन्हा माळ्यावर गेलो. पत्र्यांखाली नवं कोरं लोखंडी कपाट चेपलेलं होतं. टेप लावली. कपाट उंचीला साडेसहा फूट, आणि कैचीचं आडवं लाकूड होतं माळ्यापासून पाच फुटांवर. कापाची खूण लोखंड कापायच्या बारीक पात्याची होती. मिस्त्रीची करवत मोठ्या दातांची.

ही मापं ऐकून दुकानदाराने मान खाली घातली. सुनेच्या रुखवतातलं कपाट आडवं पडलेलं व्याह्यांना दिसू नये, म्हणून त्याने स्वतःच लाकूड कापलं होतं.

हे ठाऊक असून का बोलला नाही, असं मी मिस्त्रीला विचारलं.

"टेकू देताना कपाट बगितलं तवाच कळलं. पन ते नव्या नवरीच्या माहेरचं हाय. गाव तिचा पायगुण काढंल. लेकरू जन्मभर ऐकंल, साहेब."

जेल समोर दिसत असताना हा माणूस परक्या मुलीची अब्रू राखत होता. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, शिक्षणाचे उपकार मोठेच. पण गप्प बसणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हे मला त्या सुताराने शिकवलं.

पंचनाम्यात कपाट लिहावंच लागलं. ते कुणाच्या माहेरचं, हे लिहिण्याचं कारण नव्हतं. मी लिहिलं नाही.